थेंबाला भक्ती चढत नाही

मामाजी, तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत घरात एकानेही मला "हे तुले कोनं सांगतलं?" असं विचारलेलं नाही. मी काहीही बोलते आणि सगळे माना डोलावतात. परवा विलासला म्हटलं, उद्यापासून ऊन उतरेल. तो नुसता "हो" म्हणाला. तुमचा मुलगा ना तो! निदान "कशावरून?" एवढं तरी विचारायचं. मला इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

लग्न होऊन मी अकोटहून भातकुली रोडवरच्या आपल्या घरी आले, तेव्हा नवी कोरी बी.एस्सी. बी.एड. होते. अमरावतीच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि पदवी अंगात मावत नव्हती. सासरे म्हणजे तीन एकर वावरात वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवणारा, सातवी शिकलेला, दर गुरुवारी ओट्यावर खंजिरी भजनाला बसणारा माणूस. यांना विज्ञान आता मीच शिकवणार, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच महिन्यात तुम्ही अंगणात उभं राहून उगवत्या सूर्याला हात जोडले आणि मी चहा देता देता शहाणपण केलं, "मामाजी, सूर्य उगवत नाही. पृथ्वी फिरते."

तुम्ही बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तू पाह्यलं काय?"

"काय?"

"फिरतानी पाह्यलं काय तिले?"

मी म्हणाले, हे साऱ्या जगाला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, "साऱ्या जगाले नाही इचारलं. तुले इचारून राह्यलो."

मला मिरच्या झोंबल्या. या माणसाला पटवून दाखवलं नाही तर नावाची मास्तरीण नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं. त्यानंतर आपण अठरा वर्षं भांडलो.

आठवतं ना, संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो आपण. मी गोष्टी सांगायचे. तुमची एक अट होती. "नावं नको सांगू. नाव सांगतलं का मानसं नावालेच नमस्कार करतात, गोष्ट ऐकत नाहीत." म्हणून आपल्या घरात जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ नुसते गावावरून ओळखले जायचे, जसे आपण व्याही ओळखतो, परतवाडेवाले, अकोटवाले. पोलंडवाला होता, ज्याने सूर्याला मधे बसवलं आणि पृथ्वीला फिरायला धाडलं, आणि ते पुस्तक छापून होईपर्यंत स्वतः मरणाच्या दारात पोचला. जर्मनीवाला होता. त्याला ग्रहाची वाट गोलच हवी होती. दुसऱ्याने जन्मभर लिहून ठेवलेली टिपणं घेऊन तो वर्षानुवर्षं आकडेमोड करत बसला, आणि वाट लांबट निघाली तेव्हा त्याने ती लांबटच मान्य केली. पाटण्यावाला तर या सगळ्यांच्या हजार वर्षं आधीचा. होडी पुढे जाते आणि आत बसलेल्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसेच तारे दिसतात, हे त्याने तेव्हा लिहून ठेवलं होतं. तुम्हाला तो फार आवडायचा, पण सूट त्यालाही नव्हती. "आपला हाय म्हनून खरा होत नाही," म्हणायचात.

इटलीवाल्याची गोष्ट सांगितली त्या दिवशी मात्र तुम्ही जुडी खाली ठेवलीत. त्याने दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले, चंद्रावरचे डोंगर पाहिले, आणि म्हातारपणी त्याला गुडघ्यावर बसवून पृथ्वी फिरत नाही असं वदवून घेतलं.

"म्हनला तो?"

"म्हणाला. मग त्याला त्याच्याच घरात कैदेत ठेवलं. तिथे बसून त्याने गोळे उतारावरून कसे घरंगळतात, वस्तू कशा पडतात, ते सगळं पुन्हा लिहून काढलं. पुढे डोळेही गेले."

तुम्ही जुडीची सुतळी बोटाला गुंडाळत राहिलात. मग विचारलंत, "त्याले गुडघ्यावर बसवनाऱ्याईनं दुर्बिणीतून पाह्यलं होतं काय?"

"काहींनी पाहायलाच नकार दिला होता."

"मंग तो आपला मानूस हाय," म्हणालात. त्या दिवसापासून इटलीवाला घरचा झाला. त्याचं सगळं पटायचं मात्र नाही. घरच्यांचं तुम्हाला कधी पटलंय?

खरं भांडण परतवाड्याच्या जीपमध्ये झालं. तीन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका साक्षगंधाला निघालो होतो. जीपमध्ये माणसावर माणूस. मी तुम्हाला सांगत होते की चालत्या जहाजात डोलकाठीवरून दगड सोडला तर तो काठीच्या बुडाशीच पडतो, मागे राहत नाही. तुम्ही पिशवीतून संत्रं काढलंत आणि भरधाव जीपमध्ये वर उडवलंत. ते तुमच्या हातात परत आलं. पुन्हा उडवलंत, पुन्हा हातात. जीपमधली सगळी माणसं संत्र्याकडे पाहायला लागली. ड्रायव्हर आरशातून ओरडला, "बुढेबा, सर्कस हाय काय हे?" तुमचं लक्षच नव्हतं. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, जिंकले मी.

"म्हनजे जीप चालू हाय का उभी हाय, हे संत्र्याले समजत नाही," तुम्ही म्हणालात. "मंग पृथ्वी चालू असन तं मले तरी कसं समजन!"

"तेच तर सांगतेय!"

"थांब. चालू असन तरी समजत नाही, उभी असन तरी समजत नाही. मंग ते फिरते, हे तू कशावरून शिकवतं पोट्ट्याईले?"

इतकी वर्षं शिकवत होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी म्हणाले, "पुस्तकात दिलंय." आणि तुम्ही भर जीपमध्ये, माझ्या वर्गातल्या वैष्णवीची आई समोर बसलेली असताना म्हणालात, "तुले माहीत नाही, सूनबाई. तुले नुसतं पाठ हाय."

आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. चहा ठेवायचे आणि जायचे. तुम्हाला वाटलं, चारचौघांत बोललात म्हणून रुसले. तसं नव्हतं, मामाजी. रोज वर्गात उभं राहिलं की तेच वाक्य कानात वाजायचं, आणि ते खरं आहे हे मला कळत होतं. फळ्यावर सूत्र लिहिताना खडू थांबायला लागला होता. जे मी कधी पाहिलं नाही ते मी कोणत्या तोंडाने सांगते, असं वाटायला लागलं की मास्तरकी संपलीच.

नवव्या दिवशी तुम्ही वीस फुटी पीव्हीसी पाइप मधोमध उभा चिरून अंगणात आणून टाकलात. माफी मागणं तुमच्या स्वभावात नव्हतं. "चाल," म्हणालात, "एक तरी गोष्ट आपल्या डोयानं पाहू."

वाद साधा होता. उतारावरून गोळा सोडला तर तो कसा जातो? तुम्ही ग्रीसवाल्याच्या बाजूने, त्याचं म्हणणं दोन हजार वर्षं चाललं होतं. "उतार सारखा तं चाल बी सारखी. निघतानी जरा आळस करन, मंग एका चालीनं जाईन." मी इटलीवाल्याच्या बाजूने. माझं म्हणणं, प्रत्येक क्षणाला त्याचा वेग वाढत जाणार. सारख्या वेळात आधी एक वीत गेला तर पुढे तीन जाईल, मग पाच, मग सात. तुम्ही हसलात. "हे कोन्या पंचांगात हाय?"

पाइपच्या एका टोकाखाली पाच विटा ठेवल्या. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचा छर्रा घेतला. पाइपच्या आतून आडवी बारीक तार बांधली की छर्रा तिच्यावरून जाताना टक वाजायचा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाच-पाच विती अंतरावर तारा बांधल्या. आता वेळ कशी मोजायची? मी घड्याळ काढलं, तुम्ही ते बाजूला सारलंत. इटलीवाल्याकडे कुठे होतं असलं घड्याळ? तुम्ही किसनरावांना हाक मारली, आणि ते खंजिरी घेऊन आले. चाळीस वर्षं तुमच्याबरोबर भजनात बसणारा माणूस, लय म्हणजे लय. ठरलं असं की त्यांनी ठोका धरायचा, आणि टक ठोक्यावर पडतो का ते पाहायचं.

पहिला टक यायला वेळ लागला. "आळस," तुम्ही म्हणालात. आणि पुढचे चारही टक खंजिरीच्या ठोक्यावर! पुन्हा केलं, पुन्हा तसंच. पाच वेळा केलं. तुम्ही स्वतः खंजिरी घेऊन पाहिलंत, तरी तेच. तारा सारख्या अंतरावर, ठोके बरोबर. ग्रीसवाला जिंकला होता. किसनराव म्हणाले, "मास्तरीणबाई, आता तुमच्या इटलीवाल्याले पत्र टाका!"

मी सगळ्या अंगणासमोर तोंडघशी पडले. तुम्ही चिडवलं नाहीत, एवढंच म्हणालात, "उद्या वर्गात सांग. जे दिसलं ते सांग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नववीत गेले आणि पुस्तकातलं जसंच्या तसं शिकवून आले. तुम्ही संध्याकाळी विचारलंत, "सांगतलं?" मी हो म्हणाले. अठरा वर्षांत मी तुमच्याशी शेकडो वेळा भांडले, खोटं फक्त तेव्हाच बोलले.

त्यानंतरच्या गुरुवारी काय झालं ते मला तुमच्याच तोंडून कळलं, आणि ते वर्गात. गती हाच पाठ चालू होता. दारात तुम्ही. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पायांना वावराची काळी माती, आणि मागे भाजीच्या टेम्पोवर बांधलेला चिरलेला पाइप. आज लिहून टाकते, मामाजी, पहिल्यांदा मला तुमची लाज वाटली. पोरं काय म्हणतील, हेडसर काय म्हणतील. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही ओळखलं असेल, आणि सोडूनही दिलं असेल.

तुम्ही आत आलात आणि माझ्याशी न बोलता थेट पोरांकडे वळलात.

"मी तुमच्या बाईचा सासरा. आमची शर्यत लागली होती. मी जिंकलो होतो. आज सांगाले आलो का मी हारलो."

मग तुम्ही सांगायला लागलात. गुरुवारी ओट्यावर भजन चालू होतं. बाजूच्या टाकीचा नळ गळत होता, खाली पालथी बादली, तिच्यावर थेंब पडत होता. भजन सुरू झालं तेव्हा एका ठोक्याला एक थेंब. भजन रंगात आलं, आणि तुमचं लक्ष गेलं, तर दोन थेंबांच्या मधे तीन तीन ठोके!

"थेंब तोच होता, पोट्टेहो. आमचे हात पयाले! भजन शेवटाले आलं का सारेच पयतात. छर्रा जोरात जाऊन राह्यला होता आन आमी बी त्याच्यासंगं जोरात वाजवून राह्यलो होतो. चाळीस वर्षाची सवय. मले वाटलं ठोका सारखा हाय." तुम्ही हसलात, अगदी मोठ्याने. "म्हनून दुसऱ्या दिवशी थेंबावर मोजलं. थेंबाले भक्ती चढत नाही."

पोरं खिदळली. मी हसू शकले नाही. तुमची शर्यत तुम्ही जिंकलेली होती. कोणाला काही कळलं नसतं. किसनराव गावभर सांगत फिरत होते. तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर ग्रीसवाला आपल्या अंगणात जिंकलेलाच राहिला असता. आणि तुम्ही टेम्पो करून, वीस फुटी पाइप घेऊन, चाळीस पोरांसमोर हरायला आला होतात.

तेवढ्यात वैष्णवी उठली. "बाई, मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही? आजोबा जिंकले होते ते?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आता तुम्हालाही कळलं होतं. मी खडू खाली ठेवला. म्हणाले, "कारण मी घाबरले. अंगणात दिसलं ते न् पुस्तकातलं जुळलं नाही, म्हणून मी लपवलं." हे वाक्य बोलून झाल्यावर जे हलकं वाटलं ते आजवर कशानेच वाटलेलं नाही.

मग काय, सगळा वर्ग मैदानात! शाळेच्या टाकीचा नळ बारीक सोडला, खाली खिचडीची थाळी पालथी ठेवली. टक, टक, टक, सेकंदाला एक. पाच विटा, पाइप, छर्रा. तुम्ही पाइपच्या कडेला उकिडवे बसलात, आणि मापाला तुमची वीत. पोरं तारा सरकवायची, छर्रा सोडायची, ऐकायची, पुन्हा सरकवायची. पहिली तार एका वितीवर जुळली. दुसरी जुळेपर्यंत मधली सुट्टी झाली, कोणी डबा उघडला नाही. तिथून पुढे तीन विती. मग पाच. मग सात.

आणि मग वैष्णवी ओरडली, "थांबा! पुढची सरकवू नका! नऊवर बांधा! नऊच येणार!"

तुम्ही तुमच्या वितीने नऊ मोजल्या. पाइप संपायला जेमतेम दीड वीत उरली होती. तार बांधली. छर्रा सोडला. थाळीवर थेंब आणि तारेवर टक, पाचही वेळा एकत्र, जणू एकच आवाज. मैदानात जो आरडाओरडा झाला तो ऐकून हेडसर धावत आले. तुम्ही दोन्ही हात वर करून उभे होतात आणि म्हणत होतात, "हारलो! बाप्पा, मी हारलो!" हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. चारशे वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्याने कुठे तरी लाकडाच्या पन्हाळीत हेच ऐकलं असेल, आणि आज आपल्या शाळेच्या मैदानात, ट्रॅक्टरच्या छर्ऱ्यावर, ते त्याच्याइतकंच ताजं होतं. तुमच्या वितीलाही तेच, त्याच्या मापालाही तेच.

त्या दिवशी मी मास्तरीण झाले, मामाजी. नोकरीला लागून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण झाले त्या दिवशी. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. घरी आल्यावर मी फक्त "चहा ठेवू?" असं विचारलं.

पृथ्वीचंही तुम्हाला पुढे पटलं. एका हिवाळ्यात दुर्बीण मागून आणली, सूर्य मावळल्यावर अंगणात लावली, आणि गुरूशेजारचे चार ठिपके तुम्ही सलग आठ संध्याकाळी वहीत मांडलेत. एक ठिपका एका दिवशी नाहीसा झाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला निघाला. "म्हनजे साऱ्यानं आपल्याच भवती फिरावं असं काही नाही," म्हणालात, आणि वही मिटलीत. मी तुम्हाला हो म्हणायला लावलं नाही. त्या वाक्यातच ते होतं.

राहिला तो विलायतवाला. या पावसाळ्यात तुम्हाला दम लागायला लागला, वावरात जाणं बंद झालं, खाट पडवीत आली. मी त्याचं म्हणणं सांगितलं की छर्ऱ्याला जे खाली ओढतं तेच चंद्रालाही ओढतं. चंद्र सतत पडतोच आहे. डोंगरावरून दगड जोरात फेकला तर लांब पडेल, आणखी जोरात फेकला तर आणखी लांब, आणि पुरेसा जोर असेल तर जमीनच त्याच्या खालून वळत जाईल आणि तो पडत पडत फिरतच राहील.

"पडून राह्यला आन खाली येत नाही?" तुम्ही दम घेत म्हणालात. "हे तं किसनच्या पोराच्या सोयरिकीवानी झालं. तीन वर्ष झाले, जमूनच राह्यली."

आपण दोघंही हसलो. मग तुम्ही म्हणालात, "हे मले पटलं नाही. दाखव." मी चित्र काढलं. "हे चित्र हाय. दाखव." मी दोरीला वांगं बांधून गरगरा फिरवलं. "हे दोरीनं धरलं हाय. दोरी दाखव." मी महिनाभर डोकं फोडलं आणि मला दाखवता आलं नाही. शेवटच्या संध्याकाळी विलास तुमच्याजवळ बसला होता. त्याने विचारलं, "बाबा, काही राह्यलं काय?" तुम्ही डोळे उघडलेत, मला शोधलंत आणि म्हणालात, "चंद्राचं राह्यलं."

तेरवीला लोक म्हणत होते, शांत गेले, सगळं मान्य करून गेले. मी पंगतीत वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, नाही, आमचे मामाजी न मानता गेले. काही जणांना ते अशुभ वाटलं असेल. मला तुमच्याबद्दल याहून मोठं काही सांगता येत नव्हतं. तुमच्या सुनेने अठरा वर्षं हुज्जत घातली, तरी तिच्या प्रेमापोटीसुद्धा तुम्ही खोटं हो म्हणाला नाहीत.

काल शाळेत गेले. दहावीला गुरुत्वाकर्षणाचा पाठ होता. पुस्तक उघडलं, आणि पुन्हा मिटलं. म्हणाले, "चंद्र सतत पृथ्वीकडे पडतो आहे असं यात लिहिलंय. मला ते खरं वाटतं. पण मी ते अजून कोणाला दाखवू शकलेले नाही. माझे सासरे त्याची वाट पाहत गेले." मग मागच्या बाकावरून "बाई, मग ते खरं कशावरून?" म्हणत एक हात वर आला, मग खिडकीजवळचा, आणि मी मोजेपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस हात वर होते.